दुखणं ओवीत बसवलं

शुक्राची चांदणी डोंगरावर आली की चिमाचा दिवस सुरू व्हायचा. कोंबडा त्यानंतर. अंधारात उठायचं, विहिरीचं पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, सासूसाठी पेज झाकून ठेवायची आणि कंदील न घेता सड्यावरची, उघड्या कातळाच्या पठारावरची वाट धरायची. कातळाशी पायाची ओळख झाली की उजेड लागत नाही. उजाडताना ती रत्नागिरीत, रावजीशेटच्या पोह्यांच्या पडवीत, पदर खोचून उभी असायची. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षापासून हा नेम चालला होता आणि तिच्या केसांत आता पांढरी तार दिसत होती.

एकोणीसशे तेहतीस साली हा नेम मोडला. शुक्र उगवायच्या कितीतरी आधीच तिला जाग यायला लागली. साधी जाग नव्हे. छातीत कुणीतरी निखारा ठेवून फुंकर मारावी तसा जाळ उठायचा, मानेवरून कानांत जायचा आणि मग घाम. चोळी पिळली तर पाणी निघेल इतका घाम. लगेच मागून थंडी वाजायची. माजघराला खिडकी नव्हती. घर बांधलं तेव्हा नवरा महिपत म्हणाला होता, "खिडकी पुढच्या वर्षी." मग तो मुंबईला गिरणीत गेला आणि ते पुढचं वर्ष काही आलं नाही. चिमा अंधारात उठून बसायची, पदराने वारा घ्यायची आणि समोरच्या चिऱ्यांच्या भिंतीकडे बघत मनाशी ठरवायची की यंदा दिवाळीचे पोहे कांडून मजुरी आली की या भिंतीला भोक पाडायचंच.

सगळं गाडं त्या दिवाळीच्या पोह्यांवर अडलं होतं.

पोहे कांडणं हे दोघींचं काम. भात आदल्या दिवशी ऊन पाण्यात भिजत घालायचं, सकाळी निथळून तापल्या खापरात भाजायचं आणि तसंच गरम गरम उखळात ओतायचं. मग थांबायचं नाही. थंड झालं की त्याचा चुरा होतो, पोहा होत नाही. दोघी समोरासमोर. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. मुसळ हाताने उचलायचं नसतं. हाताने उचलणारी दुपारपर्यंत संपते. ते कमरेतून उचलायचं आणि खाली येताना त्याच्या वजनाने येऊ द्यायचं. माणसाने नुसती दिशा द्यायची. दोन ठोक्यांच्या मधे जी फट असते, तेवढ्यात एकीने उखळात हात घालून कडेचं भात मधे लोटायचं. या जोडीत तो हात मथुराचा होता. मथुरा खलाशाची बायको, चिमापेक्षा चार पावसाळे लहान, जिभेने मात्र थोरली. तिची बोटं चिमाच्या तालाच्या भरवशावर उखळात जायची आणि शाबूत बाहेर यायची. इतकी वर्षं त्याचा कुणी विचारही केला नव्हता.

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी तो करावा लागला. पडवीत घाई होती. भात भाजणारी सखू खापरातून भात ओतत होती, चुलीची धग दोघींच्या पाठीला लागत होती. चिमाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग छातीतला जाळ उठला. डोळ्यांपुढे काजवे आले आणि मुसळ केसभर आधी खाली आलं.

खळ्ळकन आवाज झाला. मथुराने हात ओढून घेतला. बोटं शाबूत होती. मनगटातल्या दोन बांगड्या फुटून पोह्यांत पडल्या होत्या.

"वाढल्या गो बांगड्या," मथुरा म्हणाली. "घोव दर्यावर हाय माजा. त्याला काय झालं तर तुज्या मुसळाचं सरपन करीन."

ती हसत होती. पण हसता हसता तिने एक एक बोट वाकवून बघितलं आणि ते चिमाने पाहिलं. चिमा मट्कन खाली बसली. चेहरा लालबुंद, अंग घामाने थबथबलेलं, डोळे अर्धे मिटलेले. सखूने खापर खाली ठेवलं आणि हात जोडले.

"देवी आली!" सखू ओरडली. "चिमाच्या अंगात देवी आली!"

कुणी काही बोलायच्या आत तिने चिमाच्या कपाळाला हळदकुंकू फासलं आणि पायाशी बसून विचारलं, "आई, माजी काळी बकरी कुटं गेली ती सांग."

"मना पानी दे," चिमा म्हणाली.

"पान्याकडं!" सखूने सगळ्यांना सांगितलं. "पऱ्ह्याकडं गेली म्हनतेय."

बकरी आपली आपण दुसऱ्या दिवशी पऱ्ह्याच्या ओढ्याकडून आली. तिथून पुढे सखू चिमाला मुसळासकट नमस्कार करायला लागली. बाकीच्या बायांचं वेगळंच मत पडलं. चिमा शिमग्यापासून बाहेर बसली नव्हती हे त्यांनी हेरलं होतं. कावळा शिवला की चार दिवस कामावर यायचं नाही, ही रीत. चिमा तर रोज येत होती.

"शिमग्याला चाकरमानी येऊन गेला न्हवं?" एकजण सूप पाखडता पाखडता म्हणाली. "गिरनीतला मानूस. सुट्टी थोडी, पन काम चोख."

"नातवंडं खेळवायच्या वयात पाळना बांदायला लागनार हिला," दुसरी म्हणाली.

चिमाला हसू आलं आणि भीतीही वाटली. मूल असेल तर दिवाळी गेली. देवी असेल तरी दिवाळी गेली, कारण अंगात आलेल्या बाईच्या मुसळाखाली कोण हात घालणार?

रावजीशेट हा माणूस वाईट नव्हता. पण पोह्यांचा व्यापारी होता आणि दिवाळी त्याची वर्षाची कमाई होती. तो एका संध्याकाळी म्हणाला, "चिमे, दिवाळीच्या जोड्या मी दसऱ्याला ठरवतो. तोवर तुझं काय ते नीट करून घे. मथुरेची बोटं गेली तर मला झोप लागायची नाही."

"झोप तर मनाबी लागत नाय," चिमा पुटपुटली.

घरी जाताना सड्यावर मथुराने विषय काढला. बंदराच्या वाटेवर एका डॉक्टरीणबाईंनी नवीन दवाखाना घातला होता. शेवडे त्यांचं नाव. पुण्याकडच्या. बायकांचं दुखणं बघतात आणि ओरडत नाहीत, असं मथुराने मिरकरवाड्यात ऐकलं होतं.

"नको गो," चिमा म्हणाली. "ती सांगंल मुसळ खाली ठेव. मग काय करू?"

"आनि नाय गेलीस तर रावजी सांगंल."

"पन सांगू कसं? कसलं दुखनं हे? दुखत तर काय नाय."

हीच खरी अडचण होती. पाय मोडला तर दाखवता येतो. ताप आला तर हात लावून कळतो. हे येतं, जाळून जातं आणि पुसलेल्या पाटीसारखं काही मागे ठेवत नाही. डॉक्टरीणबाईंसमोर बसताना नेमकं अंगात काहीच नसलं तर काय दाखवणार? शिवाय असलं काही तोंडाने बोलायची सवय चिमाला नव्हती. महिपतलाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

"मग तयारी करू," मथुरा म्हणाली. "लग्नाची करतात तशी."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मथुरा उपड्या टोपलीवर बसली आणि डॉक्टरीण झाली. नाकावर खोटा चष्मा चढवून विचारलं, "काय होतंय?"

"काय नाय," चिमा म्हणाली.

"मग आलीस कशाला, मेले?"

"डाक्टरीन मेले म्हनत नाय."

"ही म्हनते. काय होतंय?"

"काय नाय गो. जरा गरम होतं."

"गरम मनाबी होतं. भादव्याचं ऊन हाय. जा घरी."

चार दिवस हा खेळ चालला. दर वेळी चिमाचं दुखणं 'काय नाय' आणि 'जरा' या दोन शब्दांच्या मागे जाऊन लपायचं. मथुराने टोपलीला लाथ मारली. मग दोघी पुन्हा उखळाशी उभ्या राहिल्या. मुसळं चालायला लागली. ताल बसला आणि नेहमीप्रमाणे चिमाच्या तोंडून ओवी निघाली. भावाबहिणीची कसलीशी जुनी ओवी. ठोक्याला शब्द येत होता, न अडखळता, न लाजता. मुसळ हातात असलं की ही बाई कशालाही शब्द देते, हे मथुराला ठाऊक होतं. सासूच्या तोंडावर जे बोलता यायचं नाही, ते याच उखळात किती वर्षं कांडलं गेलं होतं.

"थांबू नको," मथुरा म्हणाली. "तशीच तुजं दुखनं गा."

चिमा थांबली नाही. थांबलं तर पोहा मोडतो. चार ठोके रिकामे गेले. पाचव्याला शब्द आले.

चूल नाय पोटात, लाकूड नाय जळत,
तरी बाय छातीतून जाळ कानी पळत.

"हां!" मथुरा ओरडली. "फुडं!"

पाऊस नाय दारी, कौल नाय गळत,
आर्ध्या रातीला चोळी बसलंय पिळत.

सूप पाखडणाऱ्या बायांचे हात थांबले. सखूने देवीच्या ओव्या म्हणून हात जोडले. त्या दिवसापासून पोह्यांबरोबर दुखणंही कांडलं जाऊ लागलं. मथुरा अशी कडक की कच्चं भात चालायचं नाही आणि कच्ची ओवीही नाही. "नुस्तं झोप नाय म्हनू नको," ती बजावायची. "झोप लागतच नाय, का लागून मोडते? डाक्टरीन इचारनार." मग चिमा घरी जाऊन स्वतःवर नजर ठेवायची. झोप लागते, मग मोडते. चहा घेतला की जाळ लवकर येतो. तिखट खाल्लं की येतो. सखूच्या चुलीजवळ तर हमखास. गार पाण्याने मान पुसली की उतरतो. इतक्या दिवसांत हे तिने कधी न्याहाळलंच नव्हतं. येतो आणि जाळतो, एवढंच धरून बसली होती. आता त्याचा ताल तिला कळायला लागला. सगळ्यात आधी कानांच्या पाळ्या तापतात. त्यानंतर दोनचार श्वास जातात आणि मगच जाळ उठतो.

मथुराच्या हुकमावरून तिने सासूलाही विचारलं. गोदा ओसरीवर काजू फोडत बसली होती.

"आये, तुमचं गेलं तवा तुमाला कसं झालं व्हतं?"

"काय गेलं?"

"तेच. कावळा."

गोदाने तोंड फिरवलं. "आमच्या येळंला असली थेरं नव्हती. गेलं ते गेलं."

चिमा उठायला लागली. तेव्हा गोदा काजूकडे बघत म्हणाली, "दोन पावसाळं मी गोठ्यात निजायचे. म्हशीजवळ. तितं वारा लागायचा."

"मामंजी काय म्हनायचे?"

"त्यांना सांगलं, म्हस व्यायला झालीय." गोदाच्या गालात हसू आलं. "दोन वर्सं म्हस व्यातच व्हती."

शेवटच्या ओवीवरून मात्र दोघींचं जुंपलं. मथुराचं म्हणणं, मुसळ खाली ठेवायचं की नाही हे सरळ विचारायचं. चिमाचं म्हणणं, जे विचारलं नाही त्याला ती 'नको' म्हणू शकत नाही.

"आनि माजी बोटं?" मथुराने विचारलं.

चिमाने तिच्या बोटांकडे बघितलं. पण ती ओवी तिने रचली नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. चिमा धुतलेलं लुगडं नेसली होती. वाटेत तिने सगळ्या ओव्या मनात दोनदा घोळवल्या. दवाखान्याच्या ओटीवर बाकावर बायका बसल्या होत्या. कोणी कोळीण, कोणी बामणाची सून, कोणी बुरखा घेतलेली दालदी, मुसलमान कोळ्यांतली बाई. चिमाचा नंबर आला आणि दारातल्या बाईने मथुराला अडवलं. "एकेकीनंच आत जायचं."

मथुरा बाकावर बसून राहिली. चिमा आत गेली.

डॉक्टर शेवडे पन्नाशीच्या असतील. जाड चष्मा, चापूनचोपून नेसलेलं पांढरं लुगडं, आवाज मोकळा. त्या म्हणाल्या, "बसा. काय होतंय?"

चिमा बसली. तोंड उघडलं. एकही ओवी नव्हती. सगळ्या वाटेवर सांडल्यासारख्या.

"काय नाय," ती म्हणाली.

"काही नाही कसं? सड्यावरून चालत आलात ना?"

"जरा गरम होतं."

डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांना घाई होती, पण त्या थांबल्या. चिमाने आपल्या हातांकडे बघितलं. रिकामे हात. तिथेच तिला कळलं. मुसळ नव्हतं. हातात वजन नाही, कमरेत हेलकावा नाही, मग शब्द कुठून येणार? तिने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात डॉक्टरीणबाईंची छत्री उभी होती. लांब, जाड दांड्याची, टोकाला लोखंड.

"बाय, ती छत्री जरा घेऊ?"

"बाहेर पाऊस कुठाय?"

"तसं नाय. उबी राहून सांगते."

डॉक्टरीणबाईंनी हाताने 'घ्या' म्हटलं. चिमाने छत्री उभी धरली, पाय फाकले, पदर खोचला. छत्री मुसळाच्या मानाने काडीसारखी होती, पण काडी तर काडी. पहिला ठोका फरशीवर पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला ओवी आली. जाळाची आली, चोळीची आली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

आणि मग एक गंमत झाली. बाहेर बाकावर मथुराने ठोका ऐकला. इतक्या वर्षांची जोडी. एक ठोका पडला की मधल्या फटीत दुसरा पडायलाच हवा, नाहीतर तिचा हात शिवशिवतो. तिने विचार केला नाही. बाकाच्या फळीवर मूठ आपटली. आत ठक, बाहेर धप. आत ठक, बाहेर धप. चिमाला तो ठोका भिंतीपलीकडून आला आणि तिचा आवाज एकदम मोकळा सुटला. उखळाशी सुटायचा तसाच.

झोप माजी गेली गो बोटीत बसून,
घोव घोरतो मुंबैला, मी हितं बसलंय उठून.

बाहेर हशा पिकला. चिमाला तो ऐकू आला, पण ताल सोडता येत नव्हता.

कावळा माजा रुसला, गेला उडून लांब,
शिमग्यापासून परसातला रिकामा त्याचा खांब.

चहाचं सांगून झालं, तिखटाचं झालं, सखूच्या चुलीचं झालं, कानांच्या पाळ्यांचंही झालं. सगळ्या ओव्या संपल्या. ठोका मात्र चालूच होता, कारण बाहेरून मथुरा थांबत नव्हती. ती कशाची वाट बघतेय हे चिमाला कळत होतं. न रचलेल्या ओवीची. चार ठोके रिकामे गेले, आणि मग ती आपली आपण आली.

सांग बाय डाक्टरनी, खाली ठेवू का मुसळ?
सईची बोटं उखळात, माजा ताल झाला ढिसळ.

बाहेरचा ठोका थांबला. चिमाने छत्री खाली घेतली. टोकाचं लोखंड वाकडं झालं होतं.

"बाय, छत्री," ती ओशाळून म्हणाली.

"छत्री राहू दे." डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं की कशाने, ते कळलं नाही. "माझ्याकडे बायका येतात आणि तासभर बसून 'काही नाही' म्हणतात. मलाच एकेक विचारून काढावं लागतं. तू सगळं आणलंस. आता पलंगावर आडवी हो."

त्यांनी छाती तपासली, पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. अंगावर फार जात होतं का, गाठ कुठे लागते का, आईचं कधी गेलं, सगळं विचारलं. शेवटी हात धुऊन म्हणाल्या, "पोटात काही नाही. गाठ नाही, मूलही नाही."

"मूल नाय?"

"नाही. हवं होतं की काय?"

"मना नको. पडवीतल्या बायांना हवं व्हतं."

"त्यांना सांग, पाळणा विकायला काढा." डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. "हे बघ चिमा. बाईची पाळी जायची वेळ आली की शरीर जुनी सवय सोडतं. सोडताना कुरकुरतं. कुणाचं चार महिने, कुणाचं चार वर्षं. हा रोग नव्हे आणि देवीही नव्हे. विलायतेत यावर औषधं शोधताहेत म्हणतात. माझ्याकडे आज तसलं काही नाही, खोटं कशाला सांगू? झोपेसाठी बाटली देते, थोडेच दिवस घ्यायची. चहा कमी कर, तिखट कमी कर, चोळी सैल घाल. आणि वाऱ्याला निज. कुठे निजतेस?"

"माजघरात. खिडकी नाय."

"मग खिडकी हेच तुझं औषध. आणि नीट ऐक. अधूनमधून पाळी आली तर घाबरू नकोस. फार जायला लागलं तर ये. पण सबंध वर्ष कावळा फिरकला नाही आणि मग एकदम आला, तर त्याच दिवशी इथे यायचं. त्या दिवशी ओवी रचत बसायचं नाही."

चिमाने मान हलवली. पण ती उठली नाही.

"मुसळाचं काय, बाय?"

"कामाने हे झालेलं नाही. काम सोडलंस म्हणून हे जाणारही नाही. तुझं काळीज ठणठणीत आहे. मुसळ खाली कशाला ठेवायचं?" डॉक्टरीणबाईंनी बाटलीला बूच लावलं. "बोटांचं तेवढं तुम्ही दोघी बघा. आधी कान तापतात म्हणालीस ना? मग तेवढ्यात काही करता येतं का ते बघा."

चिमा बाहेर आली तेव्हा बाकावरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. आता तिला लाज वाटली. सगळ्या बंदरभर आपलं दुखणं झालं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात कोळीण सरकून बसली आणि जागा करत म्हणाली, "ती चोळीची परत एकदा म्हन गो. माजं पन अगदी तेच हाय. मना आत गेल्यावर सांगता येत नाय."

दालदी बाई बुरख्याआडून म्हणाली, "आमालाबी सांगा."

मथुराने बाकावर मूठ आपटायला सुरुवात केली. दारातली बाई ओरडली, पण उशिरा.

दुसऱ्या दिवशी दोघींनी नवीन रीत घातली. कान तापले की चिमाने ठोक्यावरच "कान!" म्हणायचं. मथुराने हात बाहेर ठेवायचा. मुसळं थांबवायची नाहीत, जरा सावकाश करायची. पोहा मोडत नाही आणि बोटंही मोडत नाहीत. तेवढा वेळ कडेचं भात सखूने लाकडी उलथन्याने मधे लोटायचं. ऐकायला सोपं, करायला नव्हे. सावकाश कांडणं हे जलद कांडण्यापेक्षा अवघड. मुसळ वर धरून ठेवावं लागतं आणि तिथे हात भरून येतात. दसऱ्यापर्यंत दोघी त्याचाच सराव करत होत्या. चूल पडवीच्या दुसऱ्या टोकाला हलवली. खापर घेऊन येरझारा घालाव्या लागतात म्हणून सखू कुरकुरली. चिमाने तिला देवीची आण घातली, तेव्हा गप्प बसली. बाटलीतलं औषध कडू होतं. झोप आली, पण पुरती नाही. जाळ येतच राहिला. फरक एवढाच की आता तो आला की चिमा घाबरत नव्हती.

दसऱ्याला रावजीशेट उखळाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मधेच चिमा ओरडली, "कान!"

रावजीशेटने दचकून आपले कान चाचपले. मथुराचा हात बाहेर, सखूचं उलथनं आत, ताल सावकाश झाला, पुन्हा पहिल्यासारखा झाला. शेटने सुपातले पोहे तळहातावर घेतले, फुंकर मारली, चुरा शोधला. सापडला नाही.

"दिवाळीला याच," तो म्हणाला. "पण ओरडायच्या आधी मला सांगत जा गो."

दिवाळीपर्यंत दोघींनी पोहे कांडले. किती ते सांगण्यात अर्थ नाही. खांदे भरून यायचे, तळहातांवरचे जुने घट्टे नव्याने सोलवटले. मजुरीचे पैसे चिमाने फडक्यात बांधून घरी आणले आणि भाऊबीज होताच पाथरवट धाकूला बोलावलं.

गोदाने दारातच विरोध केला. "भितीला भोक पाडून वारं घरात घेनार? वारं बादतं. चोर शिरतील."

"चोरानं न्यायचं काय, आये? तुमची पेज?"

धाकूने भिंत हाताने चाचपली, चिरे ठोकून आवाज ऐकला. घिसाडघाई करणारा माणूस भिंत पाडून खिडकी करतो. धाकूने आधी वर आडवं फणसाचं लाकूड सरकवून भार त्यावर घेतला आणि मग एक एक चिरा कुरतडून बाहेर काढला. वरच्या थराला केसाएवढी भेग गेली नाही. दुपार कलली तेव्हा माजघरात पहिल्यांदा उजेड पडला. कोपऱ्यातली मडकी किती काळी आहेत ते चिमाला त्या दिवशी कळलं. समोर काजूचं झाड दिसत होतं आणि त्याच्यामागून वारा येत होता.

रात्री चिमाने खिडकीखाली झाडून घेतलं, गोदाची पेज काढली आणि आपली चटई आणायला वळली. परत आली तर तिथे गोदाची चटई पसरलेली. गोदा भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"आये, वारं बादंल."

"बादू दे," गोदा म्हणाली. "मी म्हातारी. तू सर जरा तिकडं."

चिमा सरली. जागा दोघींना पुरली. उरलेल्या पैशांतून तिने दुसऱ्या दिवशी बाजारातून एक जाड दांड्याची छत्री घेतली आणि कामावरून परतताना दवाखान्याच्या ओटीवर ठेवून दिली.